न फुटणारी बांगडी

नंदुरबारात मणियारांची घरं काही कमी नव्हती. पण खांद्यावर बांगड्यांची माळ आणि केसांत कापसाचं पांढरं भुस घेऊन फिरणारी मणियारीण गावात एकच होती, ती म्हणजे मदिना. सकाळचा भोंगा झाला की ती स्टेशनापलीकडच्या कापसाच्या जिनात जायची आणि दिवसभर रेच्यापुढे बसायची. रेच्याच्या तोंडात मूठमूठ कापूस द्यायचा, पुढून रुई निघते, खाली सरकी पडते. काम एवढंच, पण दिवे लागेपर्यंत तेच. जेवणाच्या सुट्टीत मात्र फाटकाजवळच्या लिंबाखाली ती पदरानं हात पुसून माळ सोडायची आणि तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासापुरती मजुरीण नाहीशी व्हायची, मणियारीण उरायची.

हा दुसरा धंदा तिनं ठरवून काढला नव्हता. तिचा नवरा वाहिद पूर्वी खेडोपाडी बांगड्या भरत फिरायचा. पण संधिवातानं त्याचे गुडघे असे धरले, की खाटेवरून दारापर्यंत यायलाही त्याला भिंत लागायची. धंदा बसला, पण चूल बसून चालत नाही. मदिना जिनात लागली ती तेव्हा. पहिल्याच हंगामात शेजारच्या रेच्यावरच्या बाईची बांगडी फुटली आणि ती बाई पार कावरीबावरी झाली. दुसऱ्या दिवशी मदिनानं वाहिदच्या बंद पेटीतल्या उरल्यासुरल्या बांगड्या आणून तिच्या हातात भरल्या. तिसऱ्या दिवशी चार बायका हात पुढे करून उभ्या! मदिनानं वाहिदला येऊन सांगितलं, तेव्हा कितीतरी महिन्यांनी तो खाटेवर ताठ बसला. मग रोज संध्याकाळी तो मापामापाच्या बांगड्या निवडून दोरीत ओवून ठेवायचा. आपणही काही कमावतोय असं त्याला वाटायचं, आणि ते खोटंही नव्हतं.

मुकादम धनसिंगला हे माहीत होतं. जिनात परका धंदा करायचा नाही, असा त्याचा दंडक होता. पण त्याच्या घरच्या बाईचे हात सणासुदीला मदिनाच भरायची आणि त्या हातांचं कधी काही घ्यायची नाही. त्यामुळे सुट्टीच्या वेळी धनसिंगला लिंबाच्या बाजूचं नेमकं काही दिसत नसे.

मदिनाला जिन सोडायचं होतं. ही हौस नव्हती, तिला भीती वाटत होती. रेच्यापुढे बसून बसून तिची छाती भरायला लागली होती. थंडीत पहाटे खोकल्याची उबळ आली, की दम परत मिळेपर्यंत डोळ्यांपुढे अंधार यायचा. जिनात जुन्या झालेल्या बायकांचं पुढे काय होतं, हे तिनं पाहिलं होतं. त्या आधी खोकतात, मग वाळतात, मग एका हंगामाला येतच नाहीत, आणि त्यांची कुणी चौकशीही करत नाही. आपण गेलो तर वाहिदच्या तोंडात घास कोण घालणार, हा विचार तिला खोकल्यापेक्षाही जास्त छळायचा.

सुटायची वाट एकच होती. बाजाराच्या तोंडाशी वाहिदच्या चुलतभावाचा, शौकतचा, बांगड्यांचा ओटा होता. शौकत मुलांना मागावर बसवायला मालेगावला जाणार होता. त्यानं मदिनाला सांगितलं होतं, ओटा घे, पण दिवसभर बसणार असशील तरच. गिऱ्हाईक आलं आणि ओटा रिकामा दिसला, की ते पुन्हा फिरकत नाही. हंगाम संपेपर्यंत मी थांबतो, मग दुसऱ्याला देतो. आता दिवसभर ओट्यावर बसायचं म्हणजे जिन सोडायचं, आणि जिन सोडायचं तर निव्वळ बांगड्यांवर दोघांचं पोट भरलं पाहिजे. सुट्टीतल्या चार हातांवर ते कसं भरणार? मदिना रात्रंदिवस याच हिशेबात असायची, आणि हिशेब काही जुळत नव्हता.

तशात एकोणीसशे सव्वीसच्या थंडीत काचेची भानगड उपटली. इथून गेलेल्या गाठीतल्या रुईत मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याला बांगडीचा तुकडा सापडला. तो व्यापारी मालकावर उखडला, मालक धनसिंगवर आणि धनसिंग बायकांवर. दुसऱ्या दिवशी फाटकातच उभं राहून त्यानं फर्मान सोडलं.

"काच आते चालाव नही. हात मोकळा करीसन या, नही ते घर बठा."

बायकांत एकच कल्लोळ झाला. मालकाला काय, रुई स्वच्छ हवी! पण कुंकवाची धनीण मोकळे हात घेऊन गल्लीतून चालत जाईल तर लोक काय समजतील? एक म्हातारी तर तिथंच मटकन बसली. आणि जसोदा पुढे झाली.

जसोदा मदिनाच्या शेजारच्या रेच्यावर बसायची. वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली, हसरी, तोंडाची टकळी रेच्याच्या आवाजावर चढवणारी पोर. तिला मदिनानं फार लळा लावला होता, की तिनं मदिनाला, कुणास ठाऊक. मदिनाला मूलबाळ नव्हतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

"मुकादमदादा, मन्हा नवरा जित्ता शे ना!" जसोदा म्हणाली. "मोकळा हात करीसन मी घर कशी जाऊ? मन्ही सासू माले दारमा उभी करी का?"

 धनसिंग नुसता खेकसला. मग जसोदा मदिनाकडे वळली.

"मदिनाबी, अशी काही आन ना वं, जी फुटाव नही."

"आनसू माय, आनसू," मदिना म्हणाली. बोलून गेल्यावर तिला कळलं, की आपण केवढी गोष्ट बोललो.

घरी येऊन तिनं वाहिदला सांगितलं. त्याला ते रुचलं नाही. मणियाराच्या घरात काच असावी, फार तर लाख. पितळेच्या बांगड्या विकायच्या म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा, असं तो पुटपुटला. पण त्याची कुरकुर एवढीच, की हा आपला माल नव्हे. त्यापलीकडचं त्यालाही दिसलं नाही. आणि ओट्याचं नाव काढल्यावर त्यानं ती कुरकुरही सोडली. सुरतेहून रेल्वेनं माल मागवणारा एक बोहरी व्यापारी होता. त्याच्याकडून मदिनानं पातळ पितळी बांगड्या आणल्या, वर बारीक चरे पाडलेल्या, उन्हात धरल्या की लखलखणाऱ्या. वाहिदनं एकेक पुसून चकचकीत केली, कडा बोचू नयेत म्हणून घासलीही. मनाविरुद्ध का होईना, काम त्यानं चोख केलं.

सगळ्यांत आधी मदिनानं जसोदाचे हात भरले. हात मऊ होता, हाडं लवचिक होती, बांगडी जराही न दुखता बसली. मनगटाला छान चिकटली, कारण सैल बांगडी भरणं म्हणजे मणियारणीची नाचक्की. जसोदानं दोन्ही हात वर करून वाजवले.

"देखा वं, कशी वाजस! आते धोंडावर आपटं तरी काय व्हनार नही!"

त्या आठवड्यात अख्ख्या जिनाचे हात पिवळे झाले. मग पलीकडच्या जिनातल्या बायका आल्या. मग गल्लीतल्या, ज्यांचा जिनाशी काही संबंध नव्हता त्याही आल्या. रोज भांडी घासताना, जात्याशी, विहिरीवर काच फुटायचं दुःख काय फक्त मजुरणींना असतं? सुट्टी पुरेनाशी झाली. मदिना जिन सुटल्यावर घराघरांतून फिरायला लागली. दमायची, खोकायची, पण तिचा चेहरा उजळला होता. वाहिदलाही आता पितळ आवडायला लागलं. माणसाचं असंच आहे, पोट भरायला लागलं की तक्रार मिटते. शौकतला तिनं निरोप पाठवला, की होळी होऊ दे, मी ओट्यावर बसते.

होळी आली, आणि जिनात दरवर्षी होतं तेच झालं. सातपुड्यातून हंगामासाठी उतरलेली माणसं, दलसिंग आणि त्याच्या गावचे वीसेक गडी, एका सकाळी आलेच नाहीत. काठी गावची होळी टाकून मजुरीला उभा राहील असा माणूस त्या डोंगरात जन्मला नव्हता. आणि एकदा गेलेला गडी होळीनंतरचे सगळे मेळे संपेपर्यंत परतायचा नाही. हे धनसिंगला दरवर्षी ठाऊक असायचं आणि दरवर्षी नव्यानं धक्का बसायचा. गड्यांचं काम खालचं होतं. रेच्यांच्या रांगेखाली एक अरुंद बोळ होता, तिथे सरकीचा ढीग पडायचा. त्याच बोळातून रेचे फिरवणारा लांब लोखंडी दांडा गरगरत जायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे वर चढायचे. दलसिंगची माणसं उघड्या अंगानं, लंगोटी कसून तिथे शिरायची आणि सरकी ओढून काढायची. ती गेली आणि दोन दिवसांत सरकी तुंबली. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या. मालक म्हणे रेचे थांबवायचे नाहीत.

धनसिंगनं बायकांतल्या बारक्या अंगाच्या निवडल्या. जसोदा त्यात होती.

मदिनाला ते दिसलं होतं. तिनं जसोदाला हाक मारून सांगितलं, "पदर खोच वं, जपीसन जाय." पदराचं तिच्या ध्यानात आलं, हाताचं आलं नाही. आपल्या डोळ्यांपुढे बोळात उतरणारे ते दोन पिवळे हात तिनं पाहिले, आणि खरं सांगायचं तर तिला तेव्हा बरंच वाटलं, की अंधारातसुद्धा काय चमकतात!

किंकाळी कुणाला नीट ऐकूच आली नाही. रेच्यांच्या घरघरीत तेवढंच वाटलं, की खालून कुणीतरी हाक मारली. मग एक पट्टा फटाफट वाजायला लागला, कुणीतरी ओरडलं, इंजिनवाला धावला. सगळं थांबलं. शांत जिन कसं असतं हे त्या बायकांनी भर कामात पहिल्यांदाच ऐकलं. मदिना सगळ्यांच्या आधी बोळात उतरली.

पट्ट्याच्या दोन टोकांचा जोड लोखंडी कडीनं आवळलेला असतो. सरकी ओढताना जसोदाचा डावा हात पट्ट्याच्या जवळ गेला आणि त्या कडीनं तिची बांगडी उचलली. बस्, एवढंच. कडीनं बांगडी धरली, पट्ट्यानं कडी नेली, आणि बांगडीत हात होता. कोपराखाली जे उरलं होतं त्याला हात म्हणवत नव्हतं. आणि त्यात, मांसात रुतून, ती बांगडी होती. वाकली होती, लांबट झाली होती, पण तुटली नव्हती.

मदिनाला त्या क्षणी सगळं समजलं. काच असती तर टिचकीसरशी फुटली असती. चार ओरखडे उठले असते, दोन थेंब रक्त आलं असतं, धनसिंगच्या चार शिव्या पडल्या असत्या, आणि जसोदा संध्याकाळी हसत घरी गेली असती.

"मी मरसू का वं, मदिनाबी?" जसोदा विचारत होती. तिचा आवाज अगदी लहान मुलीचा झाला होता.

"नही वं माय, नही," मदिना म्हणत राहिली.

ती मेली नाही. डॉक्टरनं हात कोपरापासून काढला. मदिना दवाखान्यात दोनदा गेली. एकदा जसोदा गुंगीत होती. दुसऱ्यांदा जागी होती आणि छताकडे बघत होती. बांगडीचं सांगायला मदिनानं तोंड उघडलं आणि खिचडीची चौकशी करून परत आली. त्या दिवशी ती वाहिदजवळ बसून ढसाढसा रडली. त्यानं तिला समजावलं नाही. पितळेच्या राहिलेल्या बांगड्यांचं गाठोडं त्यानं खाटेखाली ढकललं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आपण त्यांच्या कडा घासल्या, एवढंच तो एकदा म्हणाला.

यानंतर जे झालं ते मदिनाला आयुष्यभर सलत राहिलं, आणि सलण्यासारखंच होतं. मालकानं हुकूम फिरवला. चौकशीला साहेब येणार म्हणून असेल, पण धनसिंगनं पुन्हा फाटकात उभं राहून सांगितलं, की धातूचं काही हातात चालणार नाही, काच घाला. दोष कुणाचा, तर बायकांच्या नटण्याचा! हुकूम निघाला त्याच दिवशी लिंबाखाली झुंबड उडाली. प्रत्येकीला हातातलं पितळ आत्ताच्या आत्ता उतरवून हवं होतं आणि तिथल्या तिथं काच भरून हवी होती, कारण एक क्षणही मोकळ्या हातानं बसायचं नव्हतं. दोन्ही जिनांतल्या बायका आल्या, गल्ल्यांतल्या धास्तावून आल्या. ज्या हातांत मदिनानं महिन्यापूर्वी पितळ चढवलं, त्याच हातांत ती आता काच चढवत होती. इतके हात तिनं आयुष्यात कधी भरले नव्हते. आणि गंमत बघा, कुणीही तिला बोल लावला नाही. उलट जो तो म्हणे, बिचारी मदिना, वेळेला धावते.

ओट्याचा हिशेब जुळला. इतके दिवस जुळत नव्हता, तो जसोदाच्या हातावर जुळला. शौकतनं ओटा तिच्या हवाली केला आणि मालेगावची गाडी धरली. मदिनानं जिन सोडलं. ओटा घेऊ नये असं तिच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण खोकला होता, खाटेवर वाहिद होता, आणि माणूस एकदा बुडायला लागला की दोर कशाचा वळलेला आहे हे बघत नाही. तिनं ओटा घेतला.

पुढच्या थंडीत, बाजाराच्या दिवशी, जसोदाची सासू तिला घेऊन ओट्यावर आली. जसोदा अंगानं भरली होती, चेहऱ्यावर तेज होतं, पोट दिसत होतं. डावी बाजू तिनं पदराखाली झाकली होती.

"हिरवा चुडा भरी दे वं, मदिनाबी," सासू म्हणाली. "सातवा लागना."

मदिनानं चटई झटकली, हिरव्या बांगड्यांची माळ सोडली आणि सवयीनं आपला हात पुढे केला. बांगड्या भरताना डावा हात आधी घ्यायचा, ही जुनी रीत. जसोदाच्याही अंगात ती मुरलेली. पदर हलला आणि डावा खुंट बाहेर आला. मदिनाच्या तळव्याकडे आला आणि मधेच थांबला.  जसोदानं तो परत झाकला आणि उजवा हात मदिनाच्या मांडीवर ठेवला.

मदिना एकेक बांगडी चढवायला लागली. हात आता मऊ राहिला नव्हता. दोन हातांची कामं करून तो रुंद झाला होता, जागोजाग ओरखडला होता.

"यक सांगू का?" जसोदा हळूच म्हणाली. "ह्या घरमा टिकतस नही वं. सगळं काम याच हातले. हापटस, फुटतस, आनि मन्ही सासू म्हनस अपशकुन शे. तुन्हाकडे त्या पितळन्या शेतस का? माले त्या भलत्या आवडत व्हत्यात. कितल्या चांगल्या व्हत्यात!"

म्हणजे हिला ठाऊकच नाही! पट्ट्यानं हात नेला, एवढंच हिला माहीत; धातूवरचा हुकूम निघाला तेव्हा ही दवाखान्यात होती.  'संपल्या' म्हटलं असतं तर निभावलं असतं. जसोदा चुडा भरून घरी गेली असती, पुढच्या वेळीही आली असती, हसली असती, मूल घेऊन दाखवायला आली असती. मदिनाला ते सगळं हवं होतं, अगदी मनापासून. पण हिनं दुसऱ्या कुणाकडून पितळ घेतलं तर? हा एकच हात राहिला होता.

"त्या नको घालू माय," ती म्हणाली. "कधीच नको घालू. त्यासनीच तुन्हा हात नेला. काच ऱ्हाती ते फुटी जाती, आनि तुन्हा हात वाचता. मी आन्यात त्या. मन्हीच चूक शे."

 जसोदाला समजायला थोडा वेळ लागला. समजत गेलं तसं तिच्या चेहऱ्यावरचं सगळं एकेक करून उतरत गेलेलं मदिनाला दिसलं. मग तिनं हात मागे ओढून घेतला. अर्धा चुडा भरला होता.

"काय व्हयनं वं?" सासू पलीकडून म्हणाली. ती रिबिनी बघत होती, तिनं काही ऐकलं नव्हतं. "भरी ले ना लवकर, घर जानं शे."

सातव्याचा चुडा अर्धा सोडून उठता येत नाही, पोटातल्या जिवासाठी तो पुरा व्हावा लागतो. जसोदानं हात पुन्हा पुढे केला, पण मांडीवर ठेवला नाही. अधांतरी धरला आणि मान रस्त्याकडे वळवली. मदिनानं तो तसाच अधांतरी भरला. दोन बांगड्या तिच्याच हातात फुटल्या. शेवटची बांगडी चढली तसा हात पदराखाली गेला. चुडा भरल्यावर सवाष्ण मणियारणीला वाकून नमस्कार करते. जसोदा वाकली नाही. सासूच्या मागोमाग बाजारात उतरली आणि गर्दीतून चालत गेली.

मदिना त्या ओट्यावर पुढे वीस वर्षं बसली. वाहिद गेला, खोकला मात्र बराच कमी झाला, गावातले अर्धे हात तिच्या ओळखीचे झाले. जसोदाला मुलगा झाला, मग मुलगी झाली. हे सगळं मदिनाला इतरांकडून कळलं. जसोदा बांगड्या भरायला गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मणियारणीकडे जायची, आणि त्या वाटेवर मदिनाचा ओटा लागायचा.